पोराचा खोकला, मेडिकलची बाटली आणि दवाखान्याची वाट : थांबायचं कधी, निघायचं कधी?

सुपे (ता. बारामती) : दिवाळी सरली, पहाटेचा गारठा वाढला आणि घराघरात लेकरं खोकायला लागली. हे दरवर्षीचंच. ज्वारी पोटरीला यायला लागली की पोरांची नाकंही वाहायला लागतात, हे इकडच्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे. यंदा फरक एवढाच, की मेडिकलच्या काउंटरवर "खोकल्याची बाटली द्या" म्हणताना माणूस जरा अडखळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोबाईलवर जे पाहिलं, ते अजून कोणी विसरलेलं नाही.

झालं होतं असं. नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागातली लहान मुलं ताप-खोकल्यानं आजारी पडली. त्यांना 'कोल्ड्रिफ' नावाचं खोकल्याचं औषध दिलं गेलं. काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. बरीच मुलं उपचारासाठी नागपूरला आणली, त्यातली कित्येक वाचली नाहीत. मृतांचा आकडा वीसच्या वर गेला, आणि बहुतेक पोरं पाच वर्षांच्या आतली होती. औषध तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यात तयार झालेलं. तिथल्या सरकारी तपासणीत एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के सापडलं. हे रसायन कारखान्यात वापरायचं, पोटात जायचं नाही. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे निम्मी बाटली विषच होती. पुढं कारखान्याचा परवाना रद्द झाला, मालकाला अटक झाली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानंही ही बॅच वापरू नका, विकू नका असा इशारा दिला आणि तक्रारीसाठी १८००-२२२-३६५ हा टोल-फ्री नंबर जाहीर केला.

महाराष्ट्राला हे विष नवीन नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेलं ग्लिसरीन पोटात गेल्यानं १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्यांचा अहवाल गाजला. चाळीस वर्षांनंतर तेच विष लेकरांच्या चमच्यात आलं. त्याची जबाबदारी कारखान्यावर आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेवर आहे, आईबापावर नाही, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. बाटलीवरचं लेबल वाचून आत विष आहे की नाही हे कुठल्याच बापाला कळणार नाही.

पण यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. त्यातल्या बहुतेक पोरांना सुरुवातीला झाला होता तो साधा सर्दी-ताप, जो आठवडाभरात आपोआप बरा होतो. औषधाची गरजच नव्हती. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना जी सूचना पाठवली, त्यात हेच म्हटलंय : दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहू नयेत, देऊ नयेत, पाच वर्षांच्या आतल्यांनाही ती सहसा द्यायची नाहीत.

तरी गावात आज काय दिसतं? दोन टोकं दिसतात. एकीकडे बाटलीची भीती बसल्यानं "आता कुठलंच औषध नको" म्हणणारे, अगदी डॉक्टरांनी लिहून दिलेलं अँटिबायोटिकही दोन दिवसांत बंद करणारे. दुसरीकडे बाटलीचं नाव बदलून तोच कारभार पुढं चालवणारे. मेडिकलवाल्याला पोराचं वय सांगायचं, तो बाटली काढून देतो, संपलं. या सगळ्यात खरा प्रश्न तसाच पडून राहतो. खोकणारं, तापलेलं, जुलाब होणारं पोरगं घरी ठेवायचं कधीपर्यंत आणि गाडीला किक मारायची कधी?

श्वास मोजायला डॉक्टर लागत नाही

सर्दी-खोकल्यात घाबरायचं ते खोकल्याच्या आवाजाला नाही, श्वासाच्या वेगाला. याचं उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत शोधलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८८ पासून तिथल्या ५८ गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. मिनिटभर श्वास मोजायचे. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवत मोजायचं साधं साधन केलं. वेग जास्त दिसला की तिथंच अँटिबायोटिक सुरू. १९९० मध्ये याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. असे उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या पोरांत शंभरामागं एकसुद्धा पुरतं दगावलं नाही. शेजारच्या ज्या गावांत ही सोय नव्हती तिथं शंभरामागं तेरा-चौदा दगावली. आज आशाताईंना श्वास मोजायला शिकवतात त्यामागं हा गडचिरोलीचा अनुभव आहे.

मोजायची पद्धत सोपी. पोर शांत असताना, झोपलेलं असलं तर उत्तमच, अंगावरचं झबलं वर करा. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा. पोट-छाती वर आली की एक. पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त आला तर त्याच दिवशी दवाखाना. अगदी तान्ह्या बाळाचं एकदा परत मोजून खात्री करा, पण त्यात तास घालवू नका.

आकड्यापेक्षाही मोठी खूण म्हणजे श्वास आत घेताना बरगडीखालचा भाग आत ओढला जाणं. यालाच जुनी माणसं "डबा झाला" म्हणतात, "पोट उडतंय" म्हणतात. म्हणजे खूण त्यांना बरोबर कळते, उपाय मात्र चुकतो. बिब्ब्याचा डाग दिल्यानं फुप्फुसातला जंतू मरत नाही, वर जखम मात्र होते. छाती आत ओढली जात असेल, शांत असतानाही श्वासाला घरघर-शिट्टीसारखा आवाज येत असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट बघायची नाही. मोबाईल हातात असतोच, पोराच्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात पोचेपर्यंत पोर रडून गोंधळ घालतं, तेव्हा व्हिडिओ कामाला येतो.

हे काही नसेल, पोर खेळतंय, दूध पितंय, फक्त खोकतंय, तर घरीच सांभाळा. अंगावरचं दूध वारंवार पाजा. मोठ्या मुलाला कोमट पाणी, पातळ डाळ-भात. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आत मात्र मध अजिबात नाही. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब मिळतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोराला धरू नका, वाफेपेक्षा भाजण्याचीच शक्यता जास्त. कापूर नाकाला चोळायचा नाही आणि पोरांच्या हाती लागू द्यायचा नाही. तो पोटात गेला तर आकडी येते. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, मीठ-मोहरी ओवाळायला दोन मिनिटं लागतात. दोन दिवस लागायला नकोत एवढंच.

तापाचा आकडा आणि औषधाचा चमचा

ताप हा आजार नाही, शरीराची लढाई चालू असल्याची खूण आहे. १०२ ताप असून पोरगं ताप उतरल्यावर खेळतंय, तर घाबरायचं कारण कमी. ९९ ताप असून ते मान टाकून पडलंय, दूध ओढत नाही, हाक मारली तर डोळे उघडत नाही, तर तो ताप साधा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याच्या वर ताप आला तर कारण शोधत बसू नका, थेट दवाखाना. आणि तान्हं बाळ गार पडत असेल तर तेही तितकंच धोक्याचं. मोठ्या मुलाचा ताप तीन दिवसांत उतरला नाही तरी दाखवलंच पाहिजे.

इथं एका चुकीवर जरा थांबायला हवं, कारण ती चांगल्या शिकलेल्या घरांतही होते. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स वेगळे आणि सायरप वेगळं. ड्रॉप्समध्ये साधारण एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. सायरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, दुसऱ्या प्रकारात २५० मिलिग्रॅम. पोराचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो : किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या पोराला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. थोरल्याच्या सायरपचा चमचा धाकट्याच्या ड्रॉप्सच्या बाटलीला लावला तर हाच डोस तीन-चारपट होतो आणि यकृतावर जातो. चहाचा चमचा तर नकोच, बाटलीसोबत मापाचं टोपण येतं ते वापरा. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. ताप लवकर उतरतो म्हणून काही जण निमेसुलाइड मागून घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर देशात २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिनही पोरांना द्यायची नाही.

डेंगीचा ताप फसवा असतो. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, घरचे म्हणतात बरं झालं, आणि धोका तिथूनच सुरू होतो. ताप उतरल्यावर पोट जोरात दुखणं, सारखी उलटी, हातपाय गार, नाका-हिरड्यांतून रक्त, पोर अस्वस्थ, असं काही दिसलं की लगेच निघा. इकडं टँकरच्या पाण्याची सवय असल्यानं घराघरात पिंप आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतात. डेंगीचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंपाला झाकण आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस.

तापात आकडी आली तर कांदा, चप्पल, दातांत चमचा, काही नको. पोराला कुशीवर झोपवा, घड्याळ बघा, तोंडात पाणी-औषध घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर डॉक्टरांनी बघितलंच पाहिजे.

जुलाब आणि पुड्यावरचं नाव

जुलाबानं पोर जातं ते अंगातलं पाणी संपल्यानं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम पूर्ण विरघळवायची. अर्धी पुडी ग्लासात टाकली की मिठाचं माप बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं परत सुरू. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. दोन्ही आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतं. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही.

दुकानात मिळणारे गोड पेय-डबे ओआरएस म्हणून पाजले जायचे, त्यात साखर भरमसाट असते आणि त्यानं जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई काही वर्षं याविरुद्ध भांडत होत्या. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. खोकल्याच्या बाटलीची बातमी प्रत्येक मोबाईलवर फिरली, ही फारशी फिरली नाही. घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेली पुडी मागा.

डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश परतते, सहा-आठ तासांत लघवी नाही, शीत रक्त पडतंय, प्यायलेलं सगळं उलटून टाकतंय, पोर मलूल झालंय, अशा वेळी घरचा उपाय पुरत नाही, सलाईन लागतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेडगाव भागात जीबीएसची साथ आली होती ती लक्षात ठेवा. जुलाब होऊन आठवडा-दोन आठवड्यांनी पोराच्या पायातली ताकद गेली, चालताना पडायला लागलं, तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडून देऊ नका.

अंगावर लाल पुरळ, सोबत ताप, डोळे लाल आणि खोकला म्हणजे गोवर समजून दाखवा. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडीत गोवरानं पोरं गेली आहेत. कान दुखून पू येत असेल तर गरम तेल ओतू नका, दवाखाना.

उशीर होतो कुठं?

या सगळ्या खुणा बहुतेक वेळा आईला आधी दिसतात. रात्रभर पोर तिच्याच कुशीत असतं. पण निघायचं की नाही हे ठरवायला नवरा रानातून यावा लागतो, सासूचं मत लागतं, गाडी कोणाची ते बघावं लागतं. वढाणे, काळखैरेवाडी, दंडवाडीसारख्या वाड्यांवरून सुप्याच्या ग्रामीण रुग्णालयात येणं एक वेळ जमतं. तिथून पुढं बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचं तर पाऊण तासाहून कमी वाट नाही. निरेच्या पट्ट्यात आणि इंदापूरकडं ऊसतोडीच्या कोप्यांवर तर आणखी अवघड. कोयता थांबला की उचल फिटायचं लांबतं, म्हणून पोराचा ताप संध्याकाळपर्यंत थांबतो, आणि संध्याकाळी मुकादम म्हणतो सकाळी बघू. या लेकरांचं लसीचं कार्ड गावी राहिलेलं असतं. कार्ड नसलं तरी जवळच्या उपकेंद्रात लस मिळते, मागायला लाजू नये.

लसीचं निघालंच आहे तर : न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. खासगीत हीच लस हजारोंत जाते. जुलाबासाठी रोटाव्हायरस, गोवरासाठी एमआर, त्याही फुकट. "पोराला जरा सर्दी आहे, पुढच्या वेळी" म्हणून लस चुकवण्याची गरज नसते.

वाहनाची अडचण खरी आहे, पण १०८ ची गाडी सगळ्यांसाठी आहे आणि १०२ गरोदर बायकांपुरतीच नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात ने-आण आणि उपचार मोफत आहेत. हे दोन नंबर आणि आशाताईंचा नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्ये असून भागत नाही, आईच्या मोबाईलमध्ये पाहिजेत. दवाखान्यात गेल्यावर "एक सुई मारा, लवकर बरं होईल" हा आग्रहही सोडावा. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारावं, श्वास मोजला का, वजन केलं का, आणि कुठल्या खुणा दिसल्या तर परत आणू.

गावाच्या हातातही काही आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला अबंधित निधी येतो. तो कशावर खर्च झाला हे किती जणांनी विचारलंय? उपकेंद्रात लहान मुलांच्या बोटाला बसणारं ऑक्सिजन मोजायचं यंत्र आहे का, चालू वजनकाटा आहे का, आशाताईंच्या पिशवीत ओआरएस, झिंक शिल्लक आहे का, रात्री बाळ घेऊन गेलं तर दार कोण उघडतं? २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हे घ्यायचं असेल तर अर्ज ग्रामपंचायतीकडे आधी द्यावा लागतो.